लोकमान्य आणि हत्यारांचा कायदा

प्रजेच्या घरात बंदूक असली म्हणजे राज्यकर्त्यांस जुलूम करण्याची छाती होत नाही, असे एक मत आहे. हे मत मूळचे इंग्रजांचे. १६८९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने हक्कांची जी सनद केली तीत प्रॉटेस्टंट प्रजेस कायद्याच्या मर्यादेत राहून आत्मरक्षणार्थ हत्यार बाळगता येईल असे कलम घातले. पुढे १७९१ साली अमेरिकेने आपल्या राज्यघटनेस दुसरी दुरुस्ती जोडून तसाच हक्क आपल्या लोकांस दिला, आणि त्यावरून तेथे आजतागायत रणे माजत आहेत. आपल्याकडेही हा प्रश्न चहाच्या दुकानापासून वकिलांच्या बैठकीपर्यंत अधूनमधून निघतोच. कोणी म्हणतो, इंग्रजांनी आपली हत्यारे काढून घेतली म्हणून त्यांचे राज्य इतके टिकले. कोणी म्हणतो, स्वराज्य आले तरी परवाना मागण्यासाठी कचेरीची पायरी चढावी लागतेच, मग बदलले काय? बोलता बोलता लोकमान्य टिळकांचे नाव निघते, आणि रत्नागिरीत ते एकदा निघाले की वाद तेथेच मिटला असे समजण्याची रीत आहे. परंतु टिळक ह्या प्रश्नावर एका वाक्यात आटोपण्यासारखे नाहीत. त्यांच्या उभ्या आयुष्यातून हा प्रश्न वाहत गेलेला आहे. म्हणून ते आयुष्यच आज ह्या एका बाजूने वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. ज्या घरात झाला ते घर टिळक आळीत सरकारने जतन करून ठेविले आहे. वडील गंगाधर रामचंद्र हे शाळाखात्यात शिक्षक, संस्कृताचे व्युत्पन्न. मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव, आणि घराण्याकडे त्या गावची खोती. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. १८६६ साली वडिलांची पुण्यास बदली झाली, त्याच वर्षी आई वारली आणि मुलगा सोळा वर्षांचा असताना वडीलही गेले. डेक्कन कॉलेजात शिरल्यावर ह्या किरकोळ अंगाच्या विद्यार्थ्याने पहिले वर्ष पुस्तके बाजूस ठेवून तालीम, पोहणे आणि खाणेपिणे ह्यांत घालविले, ही गोष्ट शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. शरीर कमावल्यावाचून मन धीट होत नाही हा त्यांचा समज तेव्हापासूनचा. १८७६ साली ते पदवीधर झाले व कायद्याच्या अभ्यासास लागले.

ते कायदा शिकत असतानाच हत्यारांचा कायदा झाला. १८५७ च्या उठावानंतर लोकांची शस्त्रे काढून घेण्याचे काम सरकारने १८५७ व १८६० च्या कायद्यांनी चालविलेच होते; परंतु लॉर्ड लिटन ह्यांनी १८७८ च्या मार्चात त्यास पक्के रूप दिले. परवान्यावाचून बंदूक, तलवार, दारूगोळा जवळ सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. ह्यात विशेष बोचणारी गोष्ट अशी की, युरोपियन व युरेशियन लोकांस, तसेच काही राजेरजवाड्यांस व बड्या लोकांस नियमांनी त्यातून सूट होती. म्हणजे एकाच शहरात एकाच रस्त्याने जाणाऱ्या दोन माणसांपैकी गोऱ्याच्या कमरेस पिस्तूल चाले आणि काळ्याच्या खांद्यावरील बंदूक गुन्हा ठरे. दुसरीही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. देशी भाषांतील वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदा १४ मार्च १८७८ चा, आणि हत्यारांचा कायदा त्याच्या दुसऱ्या दिवसाचा. सरकारास लोकांच्या बंदुकीची जेवढी धास्ती वाटत होती तेवढीच छापखान्याचीही वाटत होती. रिपनसाहेबांनी वर्तमानपत्रांचा कायदा पुढे लौकरच काढून टाकला. हत्यारांचा मात्र राहिला.

कायदा होऊन वर्ष झाले नाही तोच वासुदेव बळवंत फडके ह्यांचे बंड झाले. शिरढोणचा हा लष्करी हिशेबखात्यातील कारकून १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशांची टोळी घेऊन निघाला. सावकारांवर दरोडे घालून पैसा जमवावा, पैशातून फौज उभारावी असा त्याचा बेत होता. पाच महिन्यांत तो पकडला गेला, आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्याने देह ठेविला. त्याच्या धैर्यापुढे कोणीही मस्तक लववावे. तथापि त्याच्या पाठीशी गावेच्या गावे उभी राहिली नाहीत हे खरे, आणि हा धडा तेव्हा पुण्यात असलेल्या तेवीस वर्षांच्या टिळकांनी घेतला नसेल असे आम्हांस वाटत नाही. फडके पकडले गेल्यावर सहाच महिन्यांत, १ जानेवारी १८८० रोजी, चिपळूणकरांबरोबर त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८१ च्या आरंभी केसरी व मराठा ही पत्रे निघाली. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवरील मजकुराबद्दल १८८२ साली आगरकरांसह त्यांस डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ज्या पत्रांवर भिस्त ठेविली ती बनावट निघाली होती. खटला हरला, पण तुरुंगातून सुटून येणाऱ्या संपादकाचे स्वागत लोक करतात, हे त्या वेळी प्रथमच दिसून आले.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रासच्या बैठकीत हत्यारांचा कायदा सौम्य करण्याची मागणी ठरावरूपाने केली व पुढे ती वारंवार केली. टिळक १८८९ साली काँग्रेसमध्ये आले. ह्या मागणीत ते कधी मागे नव्हते. परंतु त्यांनी स्वतः लोकांच्या हातात जे दिले ते वेगळेच होते. १८९६ चा दुष्काळ घ्या. दुष्काळाविषयी सरकारचेच एक नियमांचे पुस्तक होते. पीक बुडाल्यास सारा तहकूब करावा, कामे काढावीत, असे त्यात लिहिलेले; पण ते शेतकऱ्यापर्यंत कोण पोहोचविणार? केसरीने ते मराठीत उलगडून सांगितले, सार्वजनिक सभेची माणसे खेडोपाडी फिरली, आणि बैल विकून सारा भरू नका, नियमाने मिळते ते मागा, असे त्यांनी कुणब्यांस सांगितले. ह्याबद्दल कुलाबा जिल्ह्यात सभेच्या माणसांवर खटले झाले. सरकारचेच नियम सरकारापुढे वाचून दाखविणे हा अधिकाऱ्यांस राजद्रोह वाटला. बंदुकीविषयी त्यांस जी भीती होती तीच ही.

पुढल्या वर्षी पुण्यात प्लेग आला. रँडसाहेबांच्या कमिटीने गोरे सोल्जर घरोघर घातले. देवघरे, माजघरे, बाळंतिणीच्या खोल्या काही शिल्लक राहिले नाही. अन्याय दाराच्या आत येऊन उभा राहिला आहे आणि घरधन्याच्या हातात काही नाही, असा प्रसंग जर कोणता असेल तर तो हा. शस्त्रांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत बळकट पुरावा आम्ही हाच मानतो. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट ह्यांस गोळ्या घातल्या. कायद्याने पिस्तुले अडली नाहीत हे तर उघडच आहे. पण नंतर काय झाले तेही पाहावे. पुण्यावर जादा पोलीस बसले व त्यांचा खर्च नागरिकांवर लादला गेला. नातू बंधूंस चौकशीवाचून, १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनाच्या आधाराने पकडून स्थानबद्ध केले. टिळकांस २७ जुलैस पकडले, आणि सप्टेंबरात जस्टिस स्ट्रॅची ह्यांच्यापुढे राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. ज्यूरीतील सहा युरोपियन एका बाजूस व तीन हिंदी दुसऱ्या बाजूस, अशी मते पडली. मॅक्समुल्लरसारख्या पंडितांनी अर्ज केल्यामुळे वर्षभराने, ६ सप्टेंबर १८९८ रोजी, त्यांची सुटका झाली. सहा विरुद्ध तीन ही जी ज्यूरी बसली होती, तिच्यावर कोणत्या बंदुकीचा काय उपाय चालणार होता, हे आम्हांस कोणी सांगावे.

ह्याचा अर्थ टिळक हत्याराचे वैरी होते असा कोणी करू नये. नेपाळात कौलांच्या कारखान्याच्या आडोशाने बंदुकांचा कारखाना काढण्याची खटपट त्यांच्या मंडळींकडून झाली व कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर त्यासाठी तिकडे जाऊन राहिले, हे चरित्रकारांनी नमूद केलेले आहे. टिळकांस अहिंसेचे व्रत नव्हते. साधन यश देणारे आहे की नाही आणि लोक त्याच्या मागे आहेत की नाहीत, हे दोन प्रश्न ते विचारीत.

१९०८ साली मुझफ्फरपूरचा बाँब झाला व केसरीत त्यावर लेखमाला आली. तीतील ९ जूनचा लेख आमच्या विषयास फार जवळचा आहे. त्याचा मथितार्थ असा की, परके असूनही मोगलांनी लोकांची हत्यारे काढून घेतली नव्हती. इंग्रजांनी ती घेतली, ती लहानसहान अधिकाऱ्यासही निर्धास्तपणे अंमल गाजविता यावा म्हणून. आणि ह्यात राष्ट्राचे पौरुष मारले गेले. बंदूक कायद्याने हिसकावून घेता येते, बाँब ही विद्या असल्यामुळे ती डोक्यातून काढून घेता येत नाही. सबब लोकांस हक्क देणे हाच ह्यावर टिकाऊ उपाय आहे, असा त्यांचा रोख होता. हत्यारबंद प्रजा आणि जुलूम ह्यांचा संबंध मराठीत इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी मांडल्याचे आमच्या वाचनात नाही. आता तारीख पाहा. स्फोटक द्रव्यांचा कायदा व वर्तमानपत्रांवरील नवा कायदा हे दोन्ही ८ जून १९०८ रोजी, एकाच दिवशी, झाले होते. १८७८ मध्ये दोहोंत एका दिवसाचे अंतर होते; तीस वर्षांनी तेही उरले नाही.

ह्या लेखांबद्दल जस्टिस दावर ह्यांनी २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षे काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा दिली. ह्या खेपेस ज्यूरीची मते सात विरुद्ध दोन होती. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेविले. गोळीबार झाला, माणसे पडली. त्या मजुरांपाशी बंदुका नव्हत्या. तथापि सरकारास जो हादरा बसला तो चापेकरांच्या गोळीनेही बसला नव्हता, असे आमचे मत आहे. एक माणूस मारणारा फासावर जातो, पण लाख माणसांनी काम टाकले तर फास किती तयार करावे?

टिळकांस मंडालेस नेले. येथे रत्नागिरीकरांस एक विलक्षण योग आठवल्यावाचून राहणार नाही. ज्या मंडालेच्या किल्ल्यात रत्नागिरीचा हा पुत्र बंदिवान होता, त्या मंडालेचा राजा थिबा त्याच वेळी रत्नागिरीत बंदिवान होता. आपण ज्यास थिबा पॅलेस म्हणतो तो वाडा १९१० साली पुरा झाला, आणि तेथेच १९१६ साली राजाने प्राण सोडला. थिबापाशी फौज होती, तोफा होत्या, किल्ला होता. १८८५ च्या नोव्हेंबरात पंधरा दिवसांत सर्व संपले. टिळकांपाशी पेन्सिल होती. त्यांनी गीतारहस्य लिहिले व १९१४ च्या जूनमध्ये ते पुण्यास परत आले. हा दृष्टांत ओढून ताणून फार लांब नेता येणार नाही हे आम्ही जाणतो. राजाचे राज्य बुडण्यास इतरही कारणे होती.

सुटल्यावरची सहा वर्षे होमरूलची. १९१६ च्या एप्रिलात बेळगावी संघ स्थापन झाला. त्याच वर्षी पुण्याच्या मॅजिस्ट्रेटाने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका व दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले. बॅरिस्टर जिना ह्यांनी हायकोर्टात काम चालविले आणि ९ नोव्हेंबरास तो हुकूम रद्द झाला. स्वराज्य मागणे हा राजद्रोह नव्हे, हे त्यामुळे कोर्टाच्या निकालानेच पदरात पडले. ज्या कायद्याने दोनदा तुरुंगात घातले, त्याच कायद्याकडून तिसऱ्या वेळी त्यांनी काम करून घेतले. महायुद्ध चालू होते. १९१७ साली संरक्षण दलात भरती व्हा असे तरुणांस सांगताना टिळकांस तोच जुना विचार होता: लोकांनी शस्त्र चालविण्यास शिकावे, पण ते राष्ट्राच्या फौजेत, बरोबरीच्या दर्जाने. हिंदी माणसास अधिकाराच्या जागा देण्याचे वचन सरकार देईल तर महाराष्ट्रातून पाच हजार लोक देऊ, अशी पैज मारून त्यांनी पन्नास हजारांचा चेक गांधीजींकडे पाठविला होता. गांधीजींनी तो परत केला. १० जून १९१८ च्या मुंबईच्या युद्धपरिषदेत सैन्याबरोबर स्वराज्याची गोष्ट काढताच गव्हर्नर विलिंग्डन ह्यांनी त्यांस अडविले, आणि टिळक सभा सोडून निघून गेले.

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरास जालियनवाला बागेत डायरने नि:शस्त्र लोकांवर १६५० गोळ्या झाडविल्या, त्या वेळी टिळक विलायतेत होते. लोकांपाशी बंदुका असत्या तर? असा प्रश्न येथे साहजिकच येतो, आणि तो आम्ही झटकून टाकीत नाही. मात्र डायर जी सबब शोधीत होता ती त्यामुळे त्यास आयती मिळाली असती, हेही तितकेच खरे. नि:शस्त्रांवर गोळी झाडल्यामुळे इंग्रजांचे तोंड जगापुढे जितके काळे झाले तितके कोणत्याही लढाईने झाले नसते. हत्यारांच्या नियमांतील काळ्यागोऱ्याचा भेद १९२० च्या नव्या नियमांनी मोडला. त्याच वर्षी १ ऑगस्टास मुंबईत सरदारगृहात लोकमान्य वारले.

आता चिखलगावच्या खोतीकडे वळू. जुलूम फक्त कलेक्टराच्या कचेरीतूनच येतो असे मानणाऱ्यांनी कोकणचा इतिहास वाचलेला नसावा. आमच्या जिल्ह्यातील कुळास साहेबाचे दर्शन वर्षातून एकदा झाले तर झाले. खोताचे मात्र रोज होई. अर्धेल, वेठ, घरच्या कामास माणूस, हे सर्व सरकारी सोल्जराविना चालत होते. टिळकांसारखा लोकपक्षाचा पुढारी, पण खोतीचा प्रश्न आला तेव्हा, १८९९ च्या सुमारास, केसरीने खोतांची बाजू घेतली. त्यांच्याविषयीच्या पूज्यभावास बाध न आणता आम्ही ह्यास त्यांच्या विचारातील उणीव म्हणतो. कारण बंदुकीची सूट त्या काळी सर्वांस मिळाली असती, तर ती विकत घेण्याची ऐपत कोणाच्या घरी होती? महारवाड्यात, कुणबवाडीत, की खोताच्या वाड्यात? ज्यास बंदुकीची गरज सर्वांत जास्त त्याच्या हाती ती सर्वांत शेवटी पडते, हा बाजाराचा नियम आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही शिकवावयास नको. खोती पुढे मोडली ती गोळीने मोडली नाही. अलिबागेजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल आणले. आणि १९४९ च्या कायद्याने ती गेली.

हत्याराचा हक्क आमच्या राष्ट्रीय मागण्यांत शेवटपर्यंत होता. १९२८ च्या नेहरू रिपोर्टात तो होता, १९३१ च्या कराचीच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून होता. १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत ह. वि. कामत ह्यांनी तो राज्यघटनेत घालावा म्हणून दुरुस्ती मांडली, तेव्हा तिला विरोध करणारे आंबेडकरच होते. दापोलीस बालपण काढलेला, मंडणगड तालुक्यातील आंबडव्याच्या घराण्यातला हा पुरुष. हा हक्क मूलभूत केला तर अट्टल गुन्हेगारासही हत्यार नाकारणे सरकारास कठीण जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. दुरुस्ती पडली. घटनेत जे कलम आले त्यात शांततेने आणि शस्त्रांवाचून एकत्र जमण्याचा हक्क आहे. आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो. टिळकांची तक्रार परकी सरकार प्रजेवर अविश्वास दाखविते व गोऱ्यास एक आणि काळ्यास एक न्याय देते, ही होती. आणि मतपेटी हाती आल्यावर त्या तक्रारीचे रूप बदलते.

पण रूप बदलले म्हणून तक्रार संपली असे मात्र सरकारने समजू नये. १९५९ साली जुना कायदा जाऊन नवा आला, १९६२ पासून तो चालू झाला, २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येऊ लागली. ह्या सर्वांस आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती परवाना वजनदारास लौकर आणि वजन नसलेल्यास उशिरा मिळण्यास. कोकणातील शेतकऱ्याची ठासणीची बंदूक ही राज्य उलथविण्यासाठी नसते. भाताच्या मळ्यात शिरलेल्या रानडुकरासाठी असते. कायद्याच्या १३ व्या कलमातही खऱ्या पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. निवडणूक आली की ह्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करावयास सांगण्याचा प्रघात आहे, आणि निवडणूक ऐन पिकाच्या दिवसांत आली तर डुकरे काही आचारसंहिता पाळीत नाहीत. प्रत्येक परवान्याचा वेगवेगळा विचार करून, ज्याच्यापासून खरोखर धोका आहे त्याचीच बंदूक जमा करावी, हे सरकारास करता येण्यासारखे आहे.

अर्ज नामंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी नमूद केली पाहिजेत, आणि सार्वजनिक हितास बाध येत नसेल तर मागणाऱ्यास ती दिली पाहिजेत, असे १४ वे कलम सांगते; त्यावर वरिष्ठाकडे अपील करण्याची सोय १८ व्या कलमात आहे. रोकड घेऊन फिरणारा पेढीवाला असो की संगमेश्वराकडचा शेतकरी असो, तोंडी नकार ऐकून परत फिरणारे लोक अजून पुष्कळ आहेत. दुष्काळाचे नियम जसे एकदा खेडोपाडी वाचून दाखविण्यात आले, तशी ही दोन कलमेही कोणी वाचून दाखवावीत. आमच्या जिल्ह्यातील वकील मंडळींनी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी तासभर बसून हे काम अंगावर घेतल्यास, त्यासाठी लागणारी जाहिरात आम्ही ह्या पत्रात फुकट छापू.